कणकेतला हरभरा

आमच्या मांडवगणच्या शाळेत येणाऱ्या नर्सबाई आधी खिडक्या लावतात, सरांना चहाला पिटाळतात; वर्गाची बाई म्हणून मी तेवढी मागे बसते. मग डब्यातून कणकेचा गोळा काढतात. आत हरभरा लपवलेला असतो.

"बोटांनी हळू दाबत शोधा. महिन्यातनं एकदा सोताच्या छातीतबी असंच बघायचं. गाठ लागली तर सांगायचं."

मुली खिदळतात. नर्सबाई हसत नाहीत.

"घरी आईलाबी असा गोळा द्या," हे त्यांचं ठरलेलं. मला ते नाटकी वाटायचं.

परवा त्या पुन्हा आल्या, तेव्हा नववीतली एक हळूच म्हणाली, "आईला हरभरा घावला. मग न्हाणीत गेली, ती रडतच भाईर आली. कुनाला सांगू नगं म्हनली."

नर्सबाईंनी स्कूटीची चावी उचलली. "चल, घर दाखव."

उरलेला तास मी घेतला. इतक्या वर्षांत गोळा पहिल्यांदाच माझ्या हातात आला.