रशिया, मार्गे मुदखेड

भूकंपानंतर लातुरात क्लासचे मजले असे भराभर चढले की पाचव्या मजल्यावरच्या पोरांना हैदराबादचा चारमिनार दिसतो म्हणत. मला तिथून मेडिकलची सीट काही दिसली नाही, दोनदा. तेव्हा वडिलांनी रशिया काढला. ते नांदेडात शाळामास्तर. रशिया त्यांनी नकाशावर काठीनं हजारदा दाखवलेला, म्हणून घरचाच वाटायचा.

व्हिसासाठी वडिलांच्या खात्यात मोठी रक्कम काही महिने नुसती बसलेली दिसायला हवी होती. ती लातूरच्या मामांनी आणून बसवली. म्हणाले, "पोरगं गेलं की परत द्या, दाजी."

व्हिसा येईना, पण पंचांगातला मुहूर्त आला. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. मुहूर्तावर एक गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, की प्रवास सुरू झाला. वडिलांना गाठोडं कमी वाटलं. त्यांनी मलाच ठेवलं, मुदखेडला, आत्याकडे.

निरोपाला नांदेड स्टेशनावर एवढी माणसं लोटली की इंजिनाला वाटलं, सत्कार आपलाच आहे. नऊ शाली घेऊन मी हैदराबादच्या गाडीत चढलो आणि तासाभरात मुदखेडला उतरलो.

आत्यानं मला मागच्या पत्र्याच्या खोलीत कोंडलं. दारी कुणी आलं की म्हणायची, "रशियात जा आत." तो रशिया असा तापायचा की उशाशी ठेवलेलं अंडं दुपारी सोलून खावं.

महिन्याभरानं वडील आले.

"मामा पैसे मागायला आलते. देऊन टाकले."

"का दिले?"

"तू गेलता ना. समद्या गावानं पाहिलं."

"मग परत मागा."

"काय सांगून?"

या प्रश्नावर वडील दोन दिवस मुदखेडात बसून होते. तिसऱ्या दिवशी मला घेऊन लातूरला गेले. मामांनी दार उघडलं.

"लगेच सुट्टी लागली का रे?"

"गेलाच न्हाई तो," वडील म्हणाले. एवढं बोलायला त्यांना जो वेळ लागला, त्यात मी मॉस्कोला जाऊन आलो असतो.

मामांनी वर बोट दाखवलं. "आधी बोलायचं ना, दाजी. समदे पैसे स्लॅबात गेले. क्लासच्या पोरांसाठी खोल्या काढायलोय."

रशिया तिथंच मिटला. त्यातल्याच एका खोलीत मी तिसऱ्यांदा पुस्तकं उघडली. मामांनी भाडं घेतलं नाही. फक्त खोली बघायला येणाऱ्या बापांना माझ्याकडे बोट करून सांगायचे, "हे पोरगं परदेश सोडून इथं शिकायलंय."