वरच्या मजल्यावरचे पाहुणे

मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि आमच्या नांदेडच्या घराचा वरचा मजला रिकामा पडला. तिनं तिथूनच त्या खोल्यांचे फोटो एका अ‍ॅपवर टाकले. फोनवर म्हणाली, "आई, गुरुद्वाऱ्याला आता जगभरातून लोक येतात. सगळ्यांना लॉज आवडत नाही. घर हवं असतं."

घरच हवं असेल तर त्यात काय अवघड, असं मला वाटलं. माझं माहेर चाकूरकडचं. आलेल्या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नाही, एवढं तर आईच्या हाताखालीच शिकले होते.

पहिलं जोडपं मलेशियाहून आलं. दोघं तरुण, शीख, मोडकंतोडकं हिंदी बोलणारी. उजाडताच मी चहा घेऊन त्यांचं दार वाजवलं. मग मुरमुरे भिजवून फोडणीला घातलेला सुशीला नेऊन दिला. आमचे हे रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांना ऐकायला कुणीतरी लागतंच. खुर्ची घेऊन ते वर जाऊन बसले आणि गोदावरीच्या पुराच्या सगळ्या आठवणी सांगून आले. संध्याकाळी मी ज्वारीच्या भाकरी आणि भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या येसराची आमटी केली. जाताना दोघांनी हात जोडले, हसले. मी खूश.

दोन दिवसांनी मुलीनं फोनवर त्यांचा अभिप्राय वाचून दाखवला. माणसं फार प्रेमळ आहेत, पण एकांत मिळत नाही. पाचपैकी तीन स्टार.

"प्रेमळ बी म्हनतेत अन् स्टार बी कापतेत," हे म्हणाले. "ह्ये कसलं गणित हाय?"

मुलगी म्हणाली, "आई, ते पाहुणे नाहीत गं, गेस्ट आहेत."

"मग फरक काय?"

ती म्हणाली, "त्यांनी बोलावल्याशिवाय वर जायचं नाही, बस."

नंतर केनियाहून एक म्हाताऱ्या बाई आल्या. एकट्याच. नातवानं बुकिंग करून दिलेलं. मी किल्ली दिली, चहाचा थर्मास आणि पाणी ठेवलं, आणि खाली आले. ह्यांना जिना चढू दिला नाही. टीव्हीचा आवाजसुद्धा बारीक केला. बाई सकाळी गुरुद्वाऱ्यात जायच्या, ऑटोनं परत यायच्या, आणि मग वर त्यांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बेटी, मेरे से कोई गलती हुई क्या?"

मी गडबडले. "नहीं माँजी. क्यों?"

"दो दिन से कोई बात ही नहीं करता."

आता बाईंना काय सांगायचं? "हमको लगा, आपको आराम होना."

"आराम तो घर में बहुत है," त्या म्हणाल्या. खाली बसल्या आणि माझ्यापुढची मेथी स्वतःकडे ओढून निवडायला लागल्या.

त्यांच्या नवऱ्याचं तिकडे गॅरेज होतं. नांदेडला यायचं, नांदेडला यायचं, म्हणता म्हणता ते गेले. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. भिंतीवरचा बुद्धांचा फोटो बघून त्यांनी विचारलं, तेव्हा ह्यांना संधीच मिळाली; आमची कहाणी थेट आजोबांपासून सुरू झाली. बाई ठेच्याबरोबर भाकरी खात, नाक पुसत, सगळं ऐकत राहिल्या. निघताना त्यांनी मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. अभिप्राय मात्र काहीच आला नाही.

"कसं राहिलं त्यांचं?" मुलीनं विचारलं. चांगलं म्हणावं, तर ते तिचा नियम बाजूला पडल्यावरचं होतं. आणि पाळला होता तेव्हा बाईंना वाटलं, आम्ही रागावलोय.

परवा सिंगापूरहून एक पोरगा आला. म्हटलं, आता अंदाज नको. दारातच विचारलं, "चाय ऊपर लाऊँ, या हमारे साथ पियोगे?"

तो बूट काढता काढता थांबला, गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाला, "आंटी, जैसा आपको ठीक लगे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे. गॅसवर चहा उतू जायला लागला होता.