देठाची माती

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत नवरा सभेला गेला की घरचं सगळं माझ्यावर पडे. एका श्रावणात गिरणी सुटल्यावर मी दादरला रानातली अळंबी घेतली. लालबागच्या चाळीत नळाला रांग लावून ती घासून पांढरीशुभ्र केली आणि सासूबाईंपुढे ठेवली. त्या मालवणकडच्या. त्यांनी देठ उलटून बघितले.

“माती खंय गेली? वारुळावरची की उकिरड्यावरची, आता कसां कळतला?”

सगळी कचऱ्यात गेली. असा संताप आला, पण भांडायला अंगात त्राण नव्हतं. शेगडीवर खिचडी टाकली.

पुढे मी अळंबी मातीसकट आणू लागले. त्या माती चिमटीत चुरडून वारुळावरची ठेवत, उकिरड्यावरची विषारी म्हणून टाकत.

सासूबाई गेल्यावर एकदाच आणली. देठाची माती चिमटीत धरून बराच वेळ बसले. मग खिचडी टाकली.