अण्णा, माझ्या फियाटचे दिवे आज मस्त चालत होते

जुन्या गाड्यांच्या वेड्यांनो, रागात लिहितोय, शुद्धलेखन बघू नका.

बाबांच्या फियाटबद्दल मी इथेच विचारलं होतं, आठवतंय? इंडिकेटर दिला की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे त्याच्याबरोबर लुकलुकायचे. आपल्या ग्रुपचे मॉडरेटर अण्णा स्वतः बदलापूरला घरी आले, चहा प्यायले, बॉनेट उघडून म्हणाले, "अख्खं वायरिंग गेलंय रे. कधी पेट घेईल सांगता येत नाही. घरात लहान पोरं आहेत, गाडी विकून टाक." गिऱ्हाईकही त्यांनीच आणलं. गाडी गेली त्या दिवशी बाबा खाली उतरलेच नाहीत.

आज संध्याकाळी उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात तीच गाडी वळताना दिसली. चालवत होते अण्णा! धावत जाऊन खिडकीतून बघितलं, तर इंडिकेटरचा बाण एकटाच लुकलुकत होता. बाकीचे दिवे एकदम शांत.

"काय केलंत हिला?"

"काही नाही रे. मीटरमागची अर्थिंगची वायर सैल होती, आवळली."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विकायलाच निघालेलास. मी काय जबरदस्ती केली?"

आणि हॉर्न वाजवून निघून गेले. तो हॉर्न बाबांनी हौसेने बसवलेला.

बाबांना अजून काही बोललो नाहीये.

पोस्ट उडवायचं बटण अण्णांकडेच आहे, म्हणजे ही टिकणार नाही. त्याआधी वाचलीत तर एवढंच सांगा: आधी अर्थिंग बघ, हे तुमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं, की अण्णांसमोर कुणी बोललं नाही?