हँडलखालचा दोरा

दसऱ्याला आमचे हे सायकलीच्या हँडलखालच्या नळीला प्रकाशा गावच्या देवळातला लाल दोरा बांधतात. मागचा सोडत नाहीत, त्याच्यावरच नवा गुंडाळतात. देवाचा दोरा कापायचा नाही, असं आमच्या घरात चालत आलंय. सायकल आधी माझी होती, आता लेकीची. ती रोज तापीचा पूल ओलांडून शाळेत जाते, म्हणून दोरा जरा जास्तच मायेने बसतो. बघणाऱ्याला वाटावं, सायकलीला गलगंड झालाय.

परवा संध्याकाळी दप्तर हँडललाच अडकवून ती आत आली. "माय, ब्रेक दाबला का हँडल हालस."

"वाटी ढिली झाली असेल," मी म्हटलं. हे दुखणं मला नवं नाही. फ्रेमच्या पुढच्या नळीत वर आणि खाली एकेक वाटी ठोकलेली असते, वाटीत छर्रे, आणि त्या छर्‍यांवर हँडल फिरतं. अंगणात जाऊन मी पुढचा ब्रेक दाबून धरला, खालच्या वाटीच्या सांध्यावर बोट ठेवलं आणि सायकल मागेपुढे ढकलली. ठक! पण बोटाखाली काहीच हललं नाही. आवाज वरून, दोऱ्याच्या आतून येत होता. पाना घेऊन वरचा नट आवळला. आता हँडल वळता वळेना, तरी ठक आहेच! माझं डोकंच फिरलं. नुसती ढिली असती तर आवळल्यावर गप्प बसली असती. म्हणजे वाटी नळीत नीट बसलेलीच नव्हती.

मी कात्री आणली. हे ओट्यावरून ओरडले, "ए, काय करी ऱ्हायनी? देवाचा दोरा शे तो!"

"देव रागावला तर माझं नाव सांगा," म्हणत मी कात्री चालवली. तेलाने काळा पडलेला, दगडासारखा घट्ट झालेला दोरा. शेवटचा थर सुटला. अगं बाई! नळी उभी चिरलेली, जवळजवळ खालपर्यंत. वाटी एका बाजूने वर उचललेली, आणि फटीतून छर्रे दिसत होते. सगळं त्या दोऱ्याने आवळून धरलं होतं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

यांचा चेहरा पांढराफटक पडला. दसऱ्याला हँडल वाजत होतं म्हणे. म्हणून यांनी दोरा जोर लावून गुंडाळला. "मंग आवाज बंद व्हयना. माले वाटनं, बरी व्हयनी."

"बरी झाली? सायकल म्हणजे काय ताप आलेलं लेकरू आहे?" रागाच्या भरात मी हँडलला हिसका दिला. नळी कडकन फाकली, छर्रे अंगणभर उडाले, आणि चाकासकट हँडल माझ्या हातात आलं. फ्रेम खाली पडली. हँडलला दप्तर तसंच लटकत होतं.

लेक दारात उभी होती. हळूच म्हणाली, "आज पुलाच्या उतारावर मी शर्यत लायेल व्हती."

मी हातातलं हँडल खाली ठेवलं. हे ओट्यावरून उतरले, कापलेल्या दोऱ्याचा एक तेलकट तुकडा उचलला आणि लेकीच्या मनगटाला बांधायला लागले. तेलाने गाठच बसेना.

"सैल नका बांधू," मी म्हटलं.