घाणेरीची जाळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीटसं कळत नाही.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची दहा-बारा घरांची ओळ आहे. मागच्या भिंतीपासूनच जंगल सुरू होतं. होळीच्या आधी, गवत वाळलं की प्रत्येक घरानं आपल्या मागचा पट्टा साफ करायचा. गवत कापायचं, झुडपं तोडायची, पाचोळा ओढून लांब न्यायचा. वणवा आलाच तर त्याला खायला काही मिळू नये. एकानं कुचराई केली तर सगळ्यांची वाट लागते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

त्या वर्षी मी गवत कापलं, पाचोळा ओढला. पण घाणेरीची एक जाळी — शांतामावशीच्या हद्दीला लागून, पण माझ्याच पट्ट्यातली — तशीच ठेवली. मागे आमची मोरी आहे, वरून उघडी. डोंगरावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या नजरा थेट खाली येतात. त्या जाळीचा आडोसा होता. दोन बांबू रोवून जुनी साडी बांधली असती तर भागलं नसतं का? भागलं असतं. कंटाळा केला मी.

शांतामावशी माझी शेजारीण. गुडघे पार गेलेले, तिचे यजमान, आमचे काका, अंथरुणाला खिळलेले. तरी बसल्या बसल्या सरकत तिनं आपला पट्टा एकटीनं कापला. माझा पट्टा उंचावर, मध्ये बांध; वर चढून तो बघणं तेव्हा काही तिला जमेना. खालूनच ओरडली, "ती जाळी तोडलीस ना गं?"

"कधीच तोडली मावशी!"

किती सहज बोलून गेले —

पंधरा दिवसांनी भरदुपारी वणवा उतरला. बाकी पट्ट्यांपाशी येऊन विझला. जाळीत मात्र शिरला. मी मागच्या दारात उभी होते. जाळी भडकली, वारा फिरला, आणि मावशीच्या छपराची ताडपत्री पेटली. माझं घर राहिलं. काकांना गोधडीत गुंडाळून बाहेर काढलं, पण धूर छातीत गेला होता. चौथ्या दिवशी गेले.

जाळीची राख झाली. आता कुणाला कळणार नाही — हे मनात आलं, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

काकांच्या जलदानाच्या विधीला मावशी माझा हात धरून म्हणाली, "माझ्याकडूनच गवत राहिलं असणार गं. बसून बसून कितीसं नीट कापणार? मीच मारलं त्यांना."

मी तिची पाठ थोपटली.

आता ती दरवर्षी आपला पट्टा मातीपर्यंत खरवडते. हातांना फोड येतात. गेल्या आठवड्यात स्वतःचा संपवून सरकत सरकत, कशीबशी बांध चढून माझ्या पट्ट्यात आली. म्हणाली, "तुझं तरी घर राहू दे बाई. दे इकडे, मी तोडते."

मी तिच्या हातात कोयता दिला. आणि चहा टाकायला आत गेले.