तिच्या हातात काडी मी दिली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, कुठल्या मैत्रिणीलाही नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलते – आणि विषय बदलण्यात मी तरबेज आहे, कारण गोष्टी रचणं हाच माझा धंदा. हिंजवडीजवळच्या एका छोट्या कंपनीत मी व्हिडिओ गेमच्या कथा लिहिते. नायक कोण, त्याच्या विरोधात कोण, कुणाला काय हवंय, कोण कुठं चुकतं, हे ठरवायचा मला पगार मिळतो.

गेल्या वर्षी आमचा एक गेम चालला. ‘दोन काठ’. तुम्ही खेळला असाल कदाचित. नसाल तर थोडक्यात सांगते. एक दरी आहे. आदित्य नावाचा तरुण इंजिनियर तिथं बंधारा बांधायला येतो. त्याला दरीत पाणी आणायचंय, शाळा आणायचीय. त्याच्या विरोधात एक डोंगरातली बाई आहे. तिचं खरं नाव गेममध्ये कुणी घेतच नाही. सगळे तिला ‘वणवा’ म्हणतात. बंधारा झाला तर तिची वस्ती जाणार, म्हणून ती लढते. आणि लढता लढता गावाचं धान्याचं कोठार पेटवते. तिथून पुढं आदित्य तिच्या मागावर निघतो, आणि खेळणारा आदित्य होऊन तिला हरवतो.

लोकांना वणवा फार आवडली. नेटवर पानंच्या पानं लिहिली लोकांनी. ‘खलनायिकेची बाजू पटते.’ ‘तिचा हेतू चांगला होता, मार्ग चुकला.’ ‘आदित्यही कुठं धुतल्या तांदळासारखा आहे? दोघंही थोडे बरोबर, दोघंही थोडे चूक.’

दोघंही थोडे चूक! हे वाक्य वाचलं की माझं डोकं सणकतं. अजून सणकतं. किती सोयीचं वाक्य आहे हे – कुणी शोधलं असेल? ज्यानं शोधलं त्याच्या हाताला नक्की काहीतरी लागलेलं असणार. मी शपथेवर सांगते, कारण ते वाक्य लोकांच्या तोंडी मीच घातलं. तसाच गेम लिहिला मी. मुद्दाम.

वणवाचा चेहरा कुठून आला ते सांगते.

आमच्या चित्रकाराला, अनिकेतला, मी एकेक गोष्ट सांगत गेले. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. डाव्या कानाची पाळ तुटलेली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. बोलताना समोरच्याकडं नाही, त्याच्या पायांकडं बघते. अनिकेत म्हणाला, ‘किती बारीक विचार करतेस गं!’ मी हसले. विचार कसला, नुसतं आठवायचं होतं.

तिचं नाव सोमी. आमच्या कासार आंबोलीला डोंगराच्या पायथ्याशी आमचं रान होतं, आणि त्या रानाच्या वरच्या अंगाला आठ-नऊ झोपड्यांची कातकरी वस्ती. सोमी तिथली. माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडं भातलावणीला यायची. माझ्या आईपेक्षा वयानं मोठी, तरी मी तिला ‘सोमी’ म्हणायचे. घरात सगळेच म्हणायचे. ती मला ‘बाय’ म्हणायची. ओढ्याला पाणी असलं की मला कडेवर घेऊन पलीकडं शाळेच्या वाटेला सोडायची, आणि तिची लेक नंदा, माझ्याच वयाची, अलीकडच्या काठावर उभी राहायची. नंदा शाळेत येत नव्हती. का येत नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो दोष मी आज कबूल करायला बसलेले नाही. तसे पुष्कळ आहेत.

आता आदित्य. तो कुठून आला?

आदित्य म्हणजे आमचे आप्पा. माझे थोरले काका. वडील लवकर गेले, तेव्हापासून आम्हाला त्यांनीच सांभाळलं. कुणाची म्हैस अडली, कुणाला सर्पदंश झाला, आप्पांची जीप सगळ्यात आधी उभी असायची. गावात शाळेच्या दोन खोल्या त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतल्या. हे सगळं खरं आहे. नायकाला लागतं ते सगळं त्यांच्यात होतं, आणि मी ते सगळं आदित्यला दिलं. आता नायकाला एखादा दोषही द्यावा लागतो, नाहीतर तो पुठ्ठ्याचा वाटतो. मी आदित्यला कुठला दोष दिला, माहीत आहे?

घाई.

हो, घाई! आदित्य चांगला आहे, पण जरा घाई करतो. दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. एवढंच.

आणि वणवाला मी काय दिलं? आधी काहीच दिलं नव्हतं. पहिल्या मसुद्यात ती काही जाळत नव्हती, हे मला सांगायलाच हवं. ती फक्त वस्तीच्या तोंडाशी उभी राहायची आणि हलायची नाही. आम्ही काही मुलामुलींना गेम खेळून बघायला बोलावलं. सगळी वणवापर्यंत यायची आणि थांबायची. एका मुलीनं तर हातातलं खेळायचं यंत्रच खाली ठेवलं. म्हणाली, ‘हिला का मारायचं? हिनं केलंय काय?’

बैठक बसली. आमचे साहेब म्हणाले, ‘बाईला काहीतरी करायला लाव. मारताना खेळणाऱ्याला अपराधी वाटता कामा नये. काहीतरी जाळू दे तिला.’

साहेबांना काय ठाऊक! ते सहज बोलले. पण मला क्षणभरही शोधावं लागलं नाही. तासाभरात मी तो प्रसंग लिहून दिला. भर दुपार, भाताच्या पेंढ्याची गंजी, तिच्या आडोशानं आलेली बाई, हातात काडेपेटी. पेंढ्याची आग कोठाराला लागते. त्यानंतर मुलं पुन्हा खेळायला आली आणि एकही थांबली नाही. काय जोरात मारलं तिला त्यांनी! ती यंत्र खाली ठेवणारी मुलगीसुद्धा.

एवढ्या सहजपणे कसं लिहिलं मी? कारण ते खोटं मी आधी एकदा बोलले होते. पाठ होतं.

मी सतरा वर्षांची होते. सतरा. लहान होते असं कृपा करून म्हणू नका. बारावीची परीक्षा तोंडावर होती, घरात गलका म्हणून मी पुस्तक घेऊन रानातल्या आंब्याखाली बसले होते. माघातली दुपार. खळ्यावर आमचीच गंजी रचलेली. आप्पा एकटे आले. गंजीला एक फेरी मारली. खिशातून काडेपेटी काढली आणि तीन ठिकाणी काडी लावली – सावकाश, देवापुढं दिवा लावावा तशी. मग वळले आणि मी दिसले. त्यांचा चेहरा बदलला नाही. ‘घरी जा,’ एवढंच म्हणाले.

मी गेले.

संध्याकाळी गाव शाळेच्या ओसरीवर जमलं. सरपंच होते, पोलीस पाटील होते. वस्तीवरच्या माणसांना बोलावून खाली मातीत बसवलं होतं. ते रान बंगल्यांच्या प्लॉटना द्यायचं चाललंय, हे घरात मी कितीदा ऐकलं होतं. वस्ती उठत नव्हती आणि वस्ती असताना गिऱ्हाईक येत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना उठवायला कारण लागतं. कारण त्या दुपारी तयार झालं होतं. मला हे तेव्हाच कळत होतं का? कळत होतं. सगळं कळत होतं.

आप्पा म्हणाले, ‘आमच्या पुतणीनं डोळ्यांनी बगितलंय. शिकल्याली पोर हाय, खोटं बोलायची न्हाई.’

सोमी उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या पायांकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणाली, ‘बाय, तू तितं हुतीस. जे बगितलंस ते सांग. भिऊ नगंस.’

भिऊ नगंस! ती मला सांगत होती.

आणि मी सांगितलं, ‘सोमी गंजीला काडी लावत होती. मी पाहिलं.’

आवाज कापला नाही माझा. मला कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं, घरी बसवून पढवलंही नव्हतं. आप्पांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं होतं. मला पुण्याला शिकायला जायचं होतं आणि ते आप्पांच्या हातात होतं. बस. याच्यापलीकडं काही नाही. खूप वर्षं मी खणून पाहिलं, खाली आणखी काही खोल सापडतंय का. नाही सापडत.

दोन दिवसांत वस्ती उठली. गावातली पोरंच गेली होती झोपड्या मोडायला, आणि मोडताना कुणालाही वाईट वाटलं नाही. वाटणार कसं? त्यांनी जाळलं होतं ना आमचं! आज तिथं फाटकं आहेत, फाटकांवर बंगल्यांची नावं आहेत, शनिवारी गाड्या येतात. मी शिकले. नोकरीला लागले. आता कंपनीजवळच, नेऱ्याला राहते.

आणि सोळा वर्षांनी, पगार घेऊन, मी तोच खटला पुन्हा चालवला. तीच बाई, तीच गंजी, तीच काडी. या वेळी गावापुढं नाही, घराघरातल्या पडद्यांवर. वर तिला एक ‘हेतू’ दिला, म्हणजे लोकांना तिची कीव करता येईल. कीव! जिनं काही केलंच नाही तिला माफ करायची केवढी ही घाऊक सोय!

सांगून टाकते, अजून संपलेलं नाही.

गेमला बक्षीस मिळालं तेव्हा कंपनीनं सगळ्यांना मुळशीच्या एका रिसॉर्टवर जेवायला नेलं. धरणाचं पाणी समोर, हिरवळीवर टेबलं, आणि मांडवात मोठा पडदा लावून आमचाच गेम दाखवणं चाललेलं. ताटं मांडणारी एक बाई पडद्यासमोर थांबली. हातात ताटांची चळत तशीच. पडद्यावर वणवा उभी होती. बाई वळली, आमच्या टेबलावर एकेकाचा चेहरा बघत आली आणि माझ्यापाशी थांबली.

‘तू आंबोलीच्या आप्पांची पुतनी ना? मी नंदा.’

मी मान हलवली.

‘ही आमची आय हाय,’ ती पडद्याकडं बोट करून म्हणाली.

साहेब हसत म्हणाले, ‘काय म्हणतायत या?’ सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा मी काय म्हणाले असेन? सोळा वर्षं होती माझ्याकडं विचार करायला.

म्हणाले, ‘नाही हो. कल्पनेतलं पात्र आहे ते. तुम्हाला भास झाला असेल.’

जिच्याबरोबर ओढ्यात खेकडे धरले, त्या नंदाला मी जन्मात पहिल्यांदा अहो-जाहो केलं. तेवढ्यात पडद्यावर गंजी पेटली. नंदानं ती पुरी जळेपर्यंत बघितली.

‘आयनं कवाच काय जाळलं न्हाई,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. ‘गेली ती. दोन पावसाळं झालं. शेवटापातुर म्हनायची, पोरीला उनाचं नीट दिसलं नसंल. तिच्यावर राग नगा धरू.’

ऊन माझ्या पाठीशी होतं. वीस पावलांवर होते मी. सगळं लख्ख दिसलं होतं.

टेबलावरून कुणीतरी म्हणालं, ‘ताई, जरा भाकरी आणता का?’ नंदा भाकरी आणायला गेली. मी जेवले. पोटभर जेवले. घशाखाली उतरत होतं सगळं. माणसाच्या घशाला काही लाज नसते, हे मला तेव्हा कळलं.

आता गेमचा दुसरा भाग काढायचाय. परवा बैठक झाली. साहेब म्हणाले, ‘या वेळी वणवाला पश्चात्ताप होऊ दे. ती आदित्यची माफी मागते आणि आदित्य मोठ्या मनानं तिला माफ करतो. लोक रडतील.’ सगळ्यांना पटलं. मीही ‘छान आहे’ म्हणाले. जागेवर जाऊन बसले आणि तिच्या तोंडी पहिलं वाक्य लिहिलं: ‘माझं चुकलं.’

लिहून झाल्यावर त्या दोन शब्दांकडं बघत राहिले आणि अंगाची आग झाली माझ्या. आप्पांवर नाही. आप्पा आता खाटेला खिळलेत, माणसं ओळखत नाहीत. साहेबांवर नाही. त्या खेळणाऱ्या पोरांवर तर मुळीच नाही, त्यांना जे दाखवलं त्याला त्यांनी मारलं. ते वाक्य कुणाचं होतं आणि मी ते कुणाच्या तोंडी घातलं होतं? मेल्यावरसुद्धा तिच्याकडूनच वदवून घ्यायचं होतं मला!

मी ते पुसलं. दुसऱ्या भागावरून नाव काढून घ्यायला सांगितलं, कारण विचारलं तेव्हा तब्येतीचं निमित्त केलं. म्हणजे पुन्हा खोटंच. गेम माझ्याशिवाय होईल. दुसरं कुणीतरी लिहील ते वाक्य, आणि वणवा माफी मागेल.

हे तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही मला ओळखत नाही. नंदा ओळखते. ती अजून त्या रिसॉर्टवरच कामाला आहे, मी फोन करून विचारलं आणि नाव न सांगता ठेवून दिला. माझ्या घरापासून तासाभराचा रस्ता आहे. रस्ता चांगला झालाय. माझ्याकडं गाडी आहे, रविवारी सुट्टी असते.

मी गेलेले नाही.